'रिफ्रेन' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, वापर आणि नेहमी होणाऱ्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट, दवाखान्यातल्या सूचना, कंपनीचं परिपत्रक, कोर्टाच्या बातम्या अशा ठिकाणी 'रिफ्रेन' हे क्रियापद सतत भेटतं. वाचताना अर्थ साधारण लागतो, पण स्वतः वाक्य लिहायची वेळ आली की 'टू' लावायचं की 'फ्रॉम', मध्ये 'नॉट' घालायचं की नाही, 'रिस्ट्रेन' म्हणायचं की 'अ‍ॅब्स्टेन', इथे गाडी अडते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना आणि कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्यांना पडणारे नेमके प्रश्न इथे घेतले आहेत.

'रिफ्रेन'चा नेमका अर्थ काय?

एखादी गोष्ट करणं शक्य असताना, ती करावीशी वाटत असताना किंवा तशी सवय असताना, आपणहून ती न करणं. थोडक्यात, स्वतःला आवरणं.

'ही रिफ्रेन्ड फ्रॉम कॉमेंटिंग' असं म्हटलं की तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्याला बोलता येत होतं, बोलण्याजोगं काहीतरी होतं, आणि गप्प राहायचं त्याचं त्यानंच ठरवलं. यातली एक गोष्ट जरी नसली तरी शब्द चुकतो. तिकीट न मिळाल्यामुळे प्रवास रद्द झाला, तर त्या माणसानं प्रवासापासून 'रिफ्रेन' केलं असं म्हणता येत नाही, कारण त्याच्यापुढे पर्यायच नव्हता. याच कारणानं पाऊस, पंखा किंवा शेअरचा भाव या क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही. सरकार, न्यायालय, बँक, पक्ष हे मात्र होऊ शकतात, कारण तिथे निर्णय घेणारी माणसं असतात.

मराठीत यासाठी ठरलेला एकच शब्द नाही, आणि तो शोधायचा हट्टही धरू नये. हसू, रडू, मोह, जीभ या गोष्टी आपण 'आवरतो'. खर्चाच्या बाबतीत 'हात आखडता घेतो'. बोलणं 'टाळतो'. खाण्याच्या गोष्टी 'वर्ज्य करतो'. शब्दकोशात 'परावृत्त होणे' असा अर्थ सापडतो. तो चूक नाही, पण घरात किंवा बाजारात कोणी तसं बोलत नाही. शिवाय 'परावृत्त करणे' म्हणजे दुसऱ्याला एखाद्या गोष्टीपासून मागे वळवणं, आणि तो 'रिफ्रेन'चा अर्थ नव्हेच.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधल्या 'फ्रेनुम' या शब्दातून, जुन्या फ्रेंचमार्गे. 'फ्रेनुम' म्हणजे लगाम. 'जिभेला लगाम घाल' हे आपण रोज म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला या शब्दाचा गाभा लक्षात ठेवणं सोपं आहे. लगाम स्वतःच्या हातात असेल तर 'रिफ्रेन', दुसऱ्याच्या हातात असेल तर वेगळं क्रियापद. पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं या एका खुणेवर सुटतात.

वाक्यात तो कसा बसवायचा?

'रिफ्रेन', मग 'फ्रॉम', मग क्रियापदाचं 'आयएनजी' रूप. रचना ही एवढीच. 'प्लीज रिफ्रेन फ्रॉम टॉकिंग.' 'शी रिफ्रेन्ड फ्रॉम आस्किंग एनी क्वेश्चन्स.' 'फ्रॉम'नंतर नामही चालतं: 'रिफ्रेन फ्रॉम व्हायोलन्स.'

'रिफ्रेन टू टॉक' ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. 'रिफ्यूज टू टॉक', 'डिक्लाइन टू टॉक' या रचना कानात बसलेल्या असतात, म्हणून ती होते. त्या दोन क्रियापदांना 'टू' लागतं, याला कधीच लागत नाही.

'फ्रॉम' गाळता येतं ते फक्त न केलेली कृती आधीच सांगून झाली असेल तेव्हा. 'आय वॉन्टेड टू रिप्लाय, बट आय रिफ्रेन्ड.' इथे काय आवरलं ते वाचकाला माहीत आहे.

उच्चारात जोर दुसऱ्या भागावर येतो: रि-फ्रेन. 'फ्रे' थोडा लांबवायचा आणि 'रि' ऱ्हस्वच ठेवायचा.

'रिफ्रेन फ्रॉम नॉट टॉकिंग' का चुकतं?

कारण नकार 'रिफ्रेन'च्या पोटातच आहे. वर 'नॉट' घातलं की अर्थ उलटतो. 'रिफ्रेन फ्रॉम नॉट पेइंग' म्हणजे 'पैसे न भरणं टाळा', म्हणजेच 'पैसे भरा'.

ही चूक मराठीभाषकांकडून सहज होते, आणि त्याला कारण आहे. मराठीत मनाई सांगताना नकार क्रियापदावर उघड दिसतो: बोलू नका, थुंकू नये, जाऊ नकोस. इंग्रजी वाक्यात तसा नकार दिसला नाही की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप 'नॉट' लिहून टाकतो. यावर एक तपासणी आहे. वाक्य लिहून झालं की 'रिफ्रेन फ्रॉम' हे दोन शब्द झाकून उरलेलं वाचा. उरलेल्या भागात नको असलेली कृती सरळ दिसली पाहिजे: 'टॉकिंग', 'स्मोकिंग', 'पार्किंग हिअर'. ती दिसली तर वाक्य बरोबर. तिथे 'नॉट टॉकिंग' दिसलं तर 'नॉट' काढून टाका.

'डू नॉट रिफ्रेन फ्रॉम आस्किंग' हे मात्र बरोबर आहे. त्याचा अर्थ 'विचारायला संकोच करू नका'. पण व्यवहारात त्याजागी 'प्लीज फील फ्री टू आस्क' हेच म्हणतात.

'व्हिजिटर्स आर रिफ्रेन्ड फ्रॉम एंटरिंग' असे फलक दिसतात. ते बरोबर आहेत का?

नाहीत. 'रिफ्रेन'ला असं कर्म घेता येत नाही. पाहुणे स्वतः 'रिफ्रेन' करतात, दुसरं कोणी त्यांना 'रिफ्रेन' करत नाही. विनंती करायची असेल तर 'व्हिजिटर्स आर रिक्वेस्टेड टू रिफ्रेन फ्रॉम एंटरिंग'. मनाईच असेल तर 'व्हिजिटर्स आर नॉट अलाउड टू एंटर' किंवा 'एंट्री प्रोहिबिटेड'.

याच नियमानं 'आय रिफ्रेन्ड हिम फ्रॉम गोइंग' हेही चूक. त्याला अडवलं असेल तर 'आय स्टॉप्ड हिम फ्रॉम गोइंग' किंवा 'आय केप्ट हिम फ्रॉम गोइंग'. 'रिफ्रेन युवरसेल्फ' असंही आज कोणी लिहीत नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पाय किंवा जीभ 'रिफ्रेन' करण्याची रचना सापडते, पण तो चारशे वर्षांपूर्वीचा वापर झाला. परीक्षेत किंवा पत्रात तो आधार म्हणून चालणार नाही.

'रिफ्रेन' आणि 'रिस्ट्रेन' यांत फरक काय?

लगाम कोणाच्या हातात, हे पाहा. 'रिफ्रेन'मध्ये स्वतःच्या. 'रिस्ट्रेन'मध्ये एक धरणारा आणि एक धरला जाणारा असतो: 'द गार्ड रिस्ट्रेन्ड द मॅन.' दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या असतील तर 'सेल्फ' जोडावंच लागतं: 'ही रिस्ट्रेन्ड हिमसेल्फ.'

कायद्याच्या बातम्या वाचताना हा फरक फार उपयोगी पडतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ३९ व्या आदेशाखाली न्यायालय तात्पुरता मनाई हुकूम देतं, तेव्हा प्रतिवादीला 'रिस्ट्रेन' केलं जातं. त्याची इच्छा असो वा नसो, हुकूम पाळावा लागतो. त्याउलट दोन्ही पक्षांनी वादग्रस्त जागेवर बांधकाम करणार नाही अशी स्वतःहून हमी दिली, तर ते 'रिफ्रेन' करण्याचं आश्वासन झालं. बातमी लिहिताना 'न्यायालयाने मनाई केली' आणि 'पक्षकारांनी हमी दिली' ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी घातली तर बातमीच चुकते.

'रिस्ट्रेन्ट' हे नामही कायद्यात जागोजागी भेटतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मध्ये व्यवसाय करण्यास आडकाठी करणारे करार, काही अपवाद सोडता, रद्दबातल ठरवले आहेत. तिथला शब्द 'रिस्ट्रेन्ट' आहे, कारण आडकाठी बाहेरून आलेली आहे.

आणि 'अ‍ॅब्स्टेन'? तोही 'फ्रॉम' घेतो, मग दोन्ही सारखेच ना?

रचना सारखी आहे, वजन वेगळं आहे. 'रिफ्रेन' बहुतेकदा त्या त्या वेळेपुरतं असतं: आत्ता बोलू नका, इथे गाडी लावू नका. 'अ‍ॅब्स्टेन'मागे नियम, व्रत, तत्त्व किंवा ठरवून घेतलेली भूमिका असते.

आपल्याकडचं चपखल उदाहरण चातुर्मासाचं आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ असा कांद्याचा शेवटचा बेत होतो, आणि मग पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण, वांगी चार महिने वर्ज्य. हे इंग्रजीत सांगायचं तर 'दे अ‍ॅब्स्टेन फ्रॉम अनियन अँड गार्लिक ड्युरिंग चातुर्मास'. इथे 'रिफ्रेन' वापरलं तर व्याकरण मोडत नाही, पण व्रताचं वजन जातं. उलट जेवताना कोणी तिसरा मोदक पुढे केला आणि आपण हात आवरला, तर ते 'रिफ्रेन'. उपवासासाठी 'फास्ट' हा वेगळा शब्द आहे. रक्तातली उपाशीपोटीची साखर तपासण्याआधी किमान आठ तास काही खायचं नसतं, तिथेही 'फास्ट'च म्हणतात. दारूच्या बाबतीत मात्र डॉक्टर 'अ‍ॅब्स्टेन' म्हणतात.

मतदानात 'अ‍ॅब्स्टेन' हा पारिभाषिक शब्द आहे आणि तिथे 'रिफ्रेन' चालत नाही. १७ मार्च २०११ रोजी लिबियाविषयीचा १९७३ क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १० विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन हे पाच देश 'अ‍ॅब्स्टेन' झाले, म्हणजे तटस्थ राहिले. सभागृहात हजर असूनही बाजूनं किंवा विरोधात मत न देणं, हा त्याचा अर्थ. गैरहजर राहणं म्हणजे 'अ‍ॅब्सेंट', ते वेगळं. आपल्या मतदानयंत्रावरचा 'नोटा'ही वेगळा. तो पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधल्या निकालानंतर आला. त्यात मतदार बटण दाबतो आणि त्याची मोजणी होते, म्हणून त्याला 'अ‍ॅब्स्टेन' म्हणणं बरोबर नाही.

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. करार अधिनियमाच्या कलम २ मध्ये प्रस्तावाची आणि प्रतिफलाची व्याख्या आहे. एखादी गोष्ट करण्याइतकंच ती न करणंही तिथे धरलेलं आहे, आणि त्यासाठी वापरलेलं क्रियापद 'अ‍ॅब्स्टेन' आहे. उत्तरपत्रिकेत व्याख्या लिहिताना त्याजागी 'रिफ्रेन' घालू नये. व्याख्येतला शब्द आहे तसाच लिहावा.

'अव्हॉइड' वापरलं तर काय बिघडतं?

बऱ्याचदा काहीच नाही. रोजच्या बोलण्यात 'अव्हॉइड'च सोपा. फक्त दोन ठिकाणी जपावं.

'अव्हॉइड'ला 'फ्रॉम' लागत नाही. 'अव्हॉइड फ्रॉम ईटिंग' ही 'रिफ्रेन'ची रचना चुकून इकडे आल्यामुळे होणारी चूक आहे. 'अव्हॉइड ईटिंग' एवढंच पुरे.

शिवाय 'अव्हॉइड'ची व्याप्ती मोठी आहे. अपघात, गर्दी, एखादा नातेवाईक, पुण्यातला संध्याकाळचा रस्ता, काहीही 'अव्हॉइड' करता येतं. 'रिफ्रेन' फक्त स्वतःच्या कृतीपासून करता येतं. 'रिफ्रेन फ्रॉम ट्रॅफिक' हे वाक्य होत नाही.

तंबाखू सोडली, याला 'रिफ्रेन' म्हणता येईल?

नाही. कायमची सोडली तर 'क्विट' किंवा 'गेव्ह अप'. 'रिफ्रेन' म्हणजे त्या प्रसंगी न खाणं.

'मला हसू आवरलं नाही' हे कसं म्हणायचं?

'आय कुड नॉट रिफ्रेन फ्रॉम लाफिंग' हे शुद्ध आहे, पण पुस्तकी वाटतं. बोलताना 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग'. इथे 'हेल्प'चा मदतीशी संबंध नाही, तो 'आवरणं' याच अर्थानं येतो. 'कुडन्ट हेल्प टू लाफ' मात्र चूक. एक तर 'हेल्प लाफिंग' म्हणा, नाहीतर 'हेल्प बट लाफ'.

'प्लीज रिफ्रेन फ्रॉम...' या सूचनेचं मराठी भाषांतर कसं करावं?

शब्दाला शब्द लावू नये. 'कृपया फुले तोडण्यापासून परावृत्त व्हावे' असा फलक बागेत लावला तर वाचणारा आधी अडखळतो, मग समजून घेतो. मराठीत या कामासाठी 'नये' आहे, आणि त्याच्याइतकं नेमकं, सभ्य आणि आटोपशीर दुसरं काही नाही. 'कृपया फुले तोडू नयेत.' 'येथे वाहन उभे करू नये.' 'मोबाइलवर मोठ्याने बोलू नये.' सोसायटीच्या गटावरचं 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू रिफ्रेन फ्रॉम पोस्टिंग पोलिटिकल मेसेजेस' मराठीत 'सभासदांनी गटावर राजकीय मजकूर टाकू नये, ही विनंती' असं सरळ उतरतं.

कर्म अनेकवचनी असेल तर 'नयेत' हवं, हे बरेचदा विसरलं जातं: 'पत्रके चिकटवू नयेत', पण 'पत्रक चिकटवू नये'.

भाषांतराआधी एक प्रश्न जरूर विचारावा: ही विनंती आहे की कायदेशीर मनाई? सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, आणि फलकावरचा मजकूरही त्यात ठरवून दिला: हा धूम्रपान निषिद्ध भाग आहे, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे. फलक किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा हवा. अशा जागी 'प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग' एवढंच लिहिणं अपुरं आहे. गुन्ह्याला विनंतीची भाषा लावली की वाचणाऱ्याला वाटतं, ऐकलं तर ऐकलं. तिथे 'प्रोहिबिटेड' आणि 'सक्त मनाई' हेच शब्द योग्य.

मग 'रिफ्रेन' हा नेहमी नरम शब्द असतो का?

नाही, त्याच्या आधी काय येतं त्यावर ते ठरतं. 'आर रिक्वेस्टेड टू रिफ्रेन' ही विनंती. 'शुड रिफ्रेन' हा सल्ला. 'शॅल रिफ्रेन' हे बंधन. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सह्या झाल्या. तिच्या अनुच्छेद २ मधलं चौथं कलम म्हणतं की सर्व सदस्य देशांनी दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर किंवा तशी धमकी यांपासून दूर राहावं. तिथे 'शॅल रिफ्रेन' आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यातला हा अत्यंत कडक नियम आहे, आणि तो याच क्रियापदावर उभा आहे. करारपत्र वाचताना म्हणूनच 'रिफ्रेन'च्या डावीकडचा शब्द आधी पाहावा.

ऑफिसच्या मेलमध्ये 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम...' लिहिलं तर चालेल?

वरून खाली, सगळ्यांना उद्देशून, नियम सांगताना चालतं. एका माणसाला, विशेषतः वरिष्ठाला किंवा ग्राहकाला लिहिताना ते टोचतं, कारण या शब्दात 'तुम्ही हे करत आला आहात' असा आरोप दडलेला असतो. आपल्याकडे 'काइंडली' आदरार्थी समजतात, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला 'काइंडली रिफ्रेन' म्हणजे दटावणी वाटू शकते.

समजा, ग्राहक दर वेळी बिलाची फाइल चुकीच्या पत्त्यावर पाठवतो. 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम सेंडिंग इन्व्हॉइसेस टू धिस अ‍ॅड्रेस' असं लिहू नका. 'कुड यू प्लीज सेंड इन्व्हॉइसेस टू द अकाउंट्स अ‍ॅड्रेस इन्स्टेड?' असं लिहा. काय करू नये यापेक्षा काय करावं ते सांगितलं की सूचना पाळली जाते आणि संबंधही टिकतात.

दवाखान्यातल्या सूचनेत मात्र 'रिफ्रेन' अगदी योग्य बसतं, फक्त सोबत मुदत आणि कारण द्यावं. दात काढल्यावर २४ तास जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉनं पिऊ नये, असं सांगतात. खाचेत धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर जखम उघडी पडते आणि ठणका लागतो. 'रिफ्रेन फ्रॉम रिन्सिंग फॉर ट्वेन्टी-फोर अवर्स, सो दॅट द क्लॉट स्टेज इन प्लेस' हे वाक्य रुग्णाला कळतं आणि पटतंही.

बातम्यांमधलं 'रिफ्रेन्ड फ्रॉम कॉमेंटिंग' म्हणजे 'प्रतिक्रिया देण्यास नकार दिला' का?

नाही, आणि वार्ताहरांनी हा फरक पाळावा. नकार म्हणजे कोणीतरी विचारलं आणि समोरचा 'नाही' म्हणाला. त्यासाठी 'डिक्लाइन्ड टू कॉमेंट' आहे. 'रिफ्रेन्ड'मध्ये कोणी विचारलेलं असेलच असं नाही. तिथे 'भाष्य करणे टाळले' हे बरोबर.

'रिफ्रेन'चं नाम कोणतं? आणि गाण्यातलं 'रिफ्रेन' तेच का?

स्वतःला आवरण्याच्या गुणासाठी नाम हवं असेल तर 'रिस्ट्रेन्ट' घ्यावं. 'एक्सरसाइज रिस्ट्रेन्ट' म्हणजे संयम बाळगा. व्रताच्या अर्थानं 'अ‍ॅब्स्टिनन्स', मतदानाच्या अर्थानं 'अ‍ॅब्स्टेन्शन'. या दोन नामांची अदलाबदल करू नये.

गाण्यातलं 'रिफ्रेन' म्हणजे ध्रुवपद, आणि कोणी तेच ते बोलत राहिलं की आपण म्हणतो ते पालुपद. स्पेलिंग आणि उच्चार तेच, पण मूळ लॅटिन क्रियापद वेगळं, 'तोडणे' या अर्थाचं. लगामाशी त्याचं नातं नाही.

सरावासाठी काही वाक्यं?

दुरुस्त करून पाहा. उत्तरं खाली आहेत.

१. 'स्टुडंट्स मस्ट रिफ्रेन टू यूज मोबाइल्स.'
२. 'शी रिफ्रेन्ड हर सन फ्रॉम स्विमिंग.'
३. 'प्लीज रिफ्रेन फ्रॉम नॉट वेस्टिंग फूड.'
४. 'फोर एमएलएज रिफ्रेन्ड इन द व्होटिंग.'
५. 'अव्हॉइड फ्रॉम ड्रायव्हिंग आफ्टर टेकिंग धिस मेडिसिन.'

पहिल्यात 'फ्रॉम यूजिंग' हवं. दुसऱ्यात आई मुलाला अडवते आहे, म्हणून 'स्टॉप्ड' किंवा 'केप्ट'. तिसऱ्यातलं 'नॉट' काढा. चौथ्यात 'अ‍ॅब्स्टेन्ड फ्रॉम व्होटिंग'. पाचव्याची दुरुस्ती दोन प्रकारे होते: 'अव्हॉइड ड्रायव्हिंग' किंवा 'रिफ्रेन फ्रॉम ड्रायव्हिंग'. झोप आणणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर मात्र या दोन्हींपेक्षा 'डू नॉट ड्राइव्ह' हेच छापावं. तिथे वाचणाऱ्याला क्षणभरही विचार करावा लागता कामा नये.